ॲब्लेशननंतर एएफ परत आल्यावर : वाचकांचे प्रश्न

ॲट्रियल फिब्रिलेशन, म्हणजेच हृदयाचे वरचे कप्पे (अलिंदे) अनियमितपणे थरथरत राहण्याच्या, बोलण्यातल्या ‘एएफ’ या आजाराविषयी, मागील अंकात या सदरात लिहिले होते. त्यानंतर आलेली बरीचशी पत्रे अशा वाचकांची आहेत, ज्यांचे एकदा कॅथेटर ॲब्लेशन (हृदयात बारीक नळी नेऊन ठोके बिघडवणारा भाग निकामी करण्याची प्रक्रिया) होऊन गेले आहे आणि तरीही धडधड परतली आहे. त्यांच्या पत्रांत आजाराच्या त्रासाइतकीच फसवणूक झाल्याची भावनाही आहे. म्हणून हे संपूर्ण सदर त्यांच्याच प्रश्नांना दिले आहे.

प्रश्न : माझे वय ६१ वर्षे आहे. अधूनमधून येणाऱ्या एएफसाठी दोन वर्षांपूर्वी माझे रेडिओफ्रिक्वेन्सी ॲब्लेशन झाले. त्यानंतर १४ महिने मी अगदी ठणठणीत होतो. आता महिन्यातून दोन-तीनदा धडधड सुरू होते आणि कधी कधी रात्रभर टिकते. डॉक्टर दुसऱ्यांदा ॲब्लेशन करू म्हणतात आणि या वेळी ‘पल्स्ड फील्ड’ ही नवी पद्धत वापरण्याचे सुचवतात. पहिली प्रक्रिया वाया गेली का? नव्या पद्धतीने हा त्रास कायमचा जाईल का?

उत्तर : पहिली प्रक्रिया वाया गेलेली नाही. ती बहुधा एखाद्या ठिकाणी अपुरी राहिली आहे, आणि या दोन गोष्टींत पुष्कळ फरक आहे.

फ्रान्समधील बोर्दो येथील मिशेल हैसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ४५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एएफची ठिणगी हृदयात नेमकी कुठे पडते, हे ते शोधत होते. त्यांना सापडलेल्या ६९ उगमस्थानांपैकी ९४ टक्के उगमस्थाने फुप्फुस शिरांच्या आत निघाली. फुप्फुसांतून शुद्ध रक्त डाव्या अलिंदात आणणाऱ्या या शिरा बहुतेकांना चार असतात आणि अलिंदाचा स्नायू एखाद्या बाहीसारखा त्यांच्या आत काही अंतरापर्यंत शिरलेला असतो. या बाहीतून सुटणारे अवेळी ठोके अलिंदाला थरथरायला लावतात. प्रत्येक ठिणगी शोधून विझवत बसण्यापेक्षा शिरेच्या तोंडाभोवती मृत पेशींचे अखंड कडे तयार करावे आणि आतला विद्युत संदेश बाहेर येऊच देऊ नये, हा विचार तेथून पुढे रूढ झाला. आजच्या प्रत्येक एएफ ॲब्लेशनचा पाया हाच आहे, मग ऊर्जा कोणतीही वापरलेली असो.

अडचण ‘अखंड’ या शब्दात आहे. रेडिओफ्रिक्वेन्सीने कडे करताना कॅथेटरचे टोक एका बिंदूवर टेकवून तेथील ऊती तापवायची, मग शेजारच्या बिंदूवर सरकायचे, असे करत शिरांच्या जोडीभोवती पूर्ण फेरी मारावी लागते. हे काम चालते ते धडधडत्या आणि श्वासागणिक हलणाऱ्या हृदयात. काही बिंदूंवर पेशी मरतात, तर काहींवर त्या फक्त सुजून बधिर होतात. प्रक्रियेच्या दिवशी दोन्ही सारख्याच निपचित दिसतात. पुढे सूज उतरली की बधिर पेशी पुन्हा संदेश वाहू लागतात. बांध कितीही लांब आणि भक्कम घातलेला असला, तरी पाण्याला एक खिंडार पुरते.

दुसऱ्या प्रक्रियेच्या वेळी हे डोळ्यांनी दिसते. शिरेच्या तोंडाशी अनेक इलेक्ट्रोड असलेले गोल कॅथेटर ठेवले जाते. शीर पूर्ण विलग असेल, म्हणजे तिचा अलिंदाशी विद्युत संबंध तुटलेला असेल, तर पडद्यावर त्या कॅथेटरच्या सर्व रेघा सपाट चालतात. शीर पुन्हा जोडली गेली असेल, तर प्रत्येक ठोक्यापाठोपाठ एक बारीक, टोकदार रेघ उमटते. कोणत्या इलेक्ट्रोडवर ती सर्वांत आधी येते हे पाहत गेले की खिंडार सापडते. ते कित्येकदा अवघ्या काही मिलिमीटरचे असते. तेथे ऊर्जा दिली की ती टोकदार रेघ काही सेकंदांत नाहीशी होते आणि एका रेघेपाठोपाठ दुसरी अशी सर्व इलेक्ट्रोडवर शांतता पसरते. इतकी वर्षे हे काम करूनही तो क्षण मला साधा वाटत नाही. तुमच्यासारख्या रुग्णात, ज्याला चौदा महिने आराम मिळाला आणि ज्याचे एएफ अजूनही आपोआप थांबते, असेच खिंडार सापडण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी दुसरी प्रक्रिया पहिलीपेक्षा छोटी ठरू शकते.

आता नव्या पद्धतीविषयी. रेडिओफ्रिक्वेन्सी पेशींना उष्णतेने मारते. क्रायोबलूनमध्ये शिरेच्या तोंडाशी फुगा फुगवून ऊती गोठवली जाते. पल्स्ड फील्ड ॲब्लेशनमध्ये मात्र भाजणेही नाही आणि गोठवणेही नाही. हजार-दोन हजार व्होल्टच्या, सेकंदाच्या लक्षांश भागात मोजाव्या लागतील इतक्या सूक्ष्म स्पंदांची मालिका दिली जाते. त्या विद्युत क्षेत्राने पेशीच्या आवरणाला असंख्य छिद्रे पडतात, आतले संतुलन ढासळते आणि पेशी पुढील काही तासांत मरते. हृदयाच्या स्नायुपेशी यासाठी लागणाऱ्या क्षेत्राला इतर अनेक ऊतींपेक्षा लवकर बळी पडतात, आणि या पद्धतीचे खरे मोल तेथे आहे. डाव्या अलिंदाच्या पाठीला अगदी चिकटून अन्ननलिका जाते आणि उजव्या बाजूच्या शिरांजवळून श्वासपटलाची नस जाते. उष्णता किंवा थंडी स्नायू आणि अन्ननलिका असा भेद करत नाही. हे विद्युत क्षेत्र तो बऱ्याच प्रमाणात करते.

तुमच्या ‘कायमचा जाईल का’ या प्रश्नाचे उत्तर मात्र सावधपणे दिले पाहिजे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ॲडव्हेंट’ चाचणीत ६०७ रुग्णांवर पल्स्ड फील्डची तुलना उष्णता व थंडी यांवर आधारित जुन्या पद्धतींशी केली गेली. एका वर्षानंतर यशाचे प्रमाण अनुक्रमे ७३.३ आणि ७१.३ टक्के होते. म्हणजे नवी पद्धत जुनीच्या बरोबरीची ठरली. २०२५ मधील ‘सिंगल शॉट चॅम्पियन’ या २१० रुग्णांच्या चाचणीत सर्वांच्या त्वचेखाली ठोक्यांची सतत नोंद करणारे यंत्र बसवलेले होते. तेथे लय पुन्हा बिघडण्याचे प्रमाण पल्स्ड फील्डनंतर ३७.१ टक्के आणि क्रायोबलूननंतर ५०.७ टक्के निघाले. हा फरक उत्साह वाढवणारा आहे, पण ३७ हा आकडा शून्यापासून पुष्कळ दूर आहे. शिवाय या दोन्ही चाचण्यांतील रुग्णांचे ॲब्लेशन पहिल्यांदाच होत होते, हेही ध्यानात असू द्यावे. पल्स्ड फील्डनेही पेशी तात्पुरत्या बधिर होतात आणि पडद्यावरचा संदेश पहिल्या काही स्पंदांतच गायब होतो. म्हणून अनुभवी डॉक्टर तेवढ्यावर समाधान न मानता कॅथेटर फिरवून, जागा बदलून पुन्हा पुन्हा स्पंद देतात.

तुमच्या डॉक्टरांना मी एकच प्रश्न विचारायला सांगेन : “चारही शिरा अजून विलग असल्याचे आढळले, तर तुम्ही पुढे काय करणार?” ज्यांनी या शक्यतेचा आधीच विचार केला आहे, ते डॉक्टर या प्रश्नाने नाराज होत नाहीत.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ७० वर्षे आहे. त्यांचे एएफ आता आपोआप थांबत नाही, शॉक देऊन लय पूर्ववत करावी लागते. दोन ॲब्लेशन झाली आहेत. आता डॉक्टर हृदयाच्या एका शिरेत अल्कोहोल सोडण्याविषयी बोलत आहेत. हे ऐकून आम्ही घाबरलो आहोत.

उत्तर : हे ऐकायला विचित्र वाटते, पण त्यामागचा विचार सरळ आहे. हृदयाच्या बाहेरच्या बाजूने, डाव्या फुप्फुस शिरा आणि अलिंदाचे उपांग (अलिंदाला लागून असलेली छोटी पिशवी) यांच्या मधून एक बारीक शीर जाते. तिला मार्शलची शीर म्हणतात. तिच्या भोवतालच्या स्नायूंत आणि मज्जातंतूंत एएफला खतपाणी घालणारे संदेश जन्मतात, आणि आतून टेकवलेल्या कॅथेटरची ऊर्जा तेथपर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून त्या शिरेत छोटा फुगा सरकवून काही मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल सोडतात. ते भोवतालच्या पेशी मारते आणि डाव्या अलिंदाच्या खालच्या मायट्रल झडपेजवळचा, एरवी बंद करायला अत्यंत अवघड असा विद्युत मार्ग बंद करायला मदत करते.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘व्हीनस’ चाचणीत ३४३ रुग्ण होते. केवळ ॲब्लेशन झालेल्यांपैकी ३८ टक्के, तर ॲब्लेशनला या अल्कोहोलची जोड दिलेल्यांपैकी ४९.२ टक्के रुग्ण एकाच प्रक्रियेनंतर आणि औषधांशिवाय अनियमित ठोक्यांपासून मुक्त राहिले. चीनमधील ‘प्रॉम्प्ट-एएफ’ या ४९८ रुग्णांच्या चाचणीत अल्कोहोलबरोबर अलिंदात ॲब्लेशनच्या काही ठरावीक रेषाही आखल्या गेल्या. तेथे हे प्रमाण ६१.५ वरून ७०.७ टक्क्यांवर गेले. या चाचण्याही पहिल्या ॲब्लेशनवर होत्या, त्यामुळे तिसऱ्या प्रक्रियेच्या वेळी तेवढाच लाभ होईल असे गृहीत धरता येत नाही. फायदा खरा आहे, पण माफक आहे.

त्याचबरोबर दुसरी बाजूही तुम्हाला ठाऊक असावी. टिकून राहणाऱ्या एएफमध्ये ‘शिरांबरोबर आणखी काहीतरी केलेच पाहिजे’ ही कल्पना इतकी पटण्याजोगी आहे की आम्ही डॉक्टर बरीच वर्षे तिच्या मागे होतो. २०१५ मध्ये ‘स्टार एएफ २’ या ५८९ रुग्णांच्या चाचणीने दाखवून दिले की शिरा विलग करण्याखेरीज जास्तीच्या रेषा ओढून किंवा गुंतागुंतीच्या संदेशांच्या जागा जाळून काहीही अधिक मिळत नाही. २०२३ मध्ये ‘कॅपला’ चाचणीत अलिंदाची संपूर्ण मागची भिंत विलग करूनही तेच दिसले. जास्त जाळले म्हणजे जास्त बरे झाले, असे या अवयवात होत नाही. उलट प्रत्येक अपुरी रेषा नव्या प्रकारच्या जलद ठोक्यांना वाट करून देऊ शकते, आणि अलिंदाचा जितका स्नायू मारला जातो तितका तो आकुंचन पावायला कमी पडतो.

म्हणून वडिलांच्या बाबतीत आधी शिरा तपासल्या जाव्यात. त्या पुन्हा जोडल्या गेल्या असतील, तर तेच काम आधी पक्के व्हावे. त्या विलग असतील, तर अलिंदाचा विद्युत नकाशा काढून व्रणांचे प्रदेश किती आहेत ते पाहावे आणि मग मार्शलच्या शिरेसारख्या उपायाकडे वळावे. काही केंद्रांत हृदयशल्यचिकित्सक छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाखाली छोटासा छेद घेऊन अलिंदाच्या मागच्या भिंतीवर बाहेरून उपचार करतात आणि कॅथेटरने आतून उरलेले काम पूर्ण केले जाते. या संयुक्त पद्धतीने ‘कन्व्हर्ज’ चाचणीत यश वाढले, पण धोकेही वाढले. ७० व्या वर्षी, दोन प्रक्रिया झालेल्या माणसासाठी हा निर्णय एका भेटीत घेण्यासारखा नाही. अलिंदाचा आकार, एएफ किती काळ सलग टिकले आहे आणि वडिलांना स्वतःला त्याचा किती त्रास वाटतो, या तीन गोष्टी समोर ठेवून तो व्हावा.

प्रश्न : ॲब्लेशनला तीन आठवडे झाले आणि धडधड पुन्हा सुरू झाली. मग हे यशस्वी झाले नाही असेच समजायचे ना?

उत्तर : नाही. ताज्या जखमेची सूज स्वतःच ठोके बिघडवते. म्हणून पहिल्या आठ आठवड्यांतील धडधड निकालात धरत नाहीत. पूर्वी हा काळ तीन महिन्यांचा मानत, २०२४ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीने तो दोन महिन्यांवर आणला. या काळात लवकर धडधड झालेल्यांना पुढे त्रास होण्याची शक्यता थोडी अधिक असते, पण अनेकांचे ठोके नंतर स्थिर होतात. तोवर औषधे आणि गरज पडल्यास शॉक, एवढे पुरेसे असते.

मात्र याच काळातील एक गोष्ट मी अतिशय गांभीर्याने सांगतो. उष्णता किंवा थंडीच्या पद्धतीने ॲब्लेशन झाल्यानंतर पहिल्या दोन महिन्यांत ताप, गिळताना दुखणे, छातीत दुखणे, रक्ताची उलटी किंवा हातापायांत अचानक कमजोरी आली, तर घरी थांबू नये. अलिंद आणि अन्ननलिका यांच्यात छिद्र होण्याची गुंतागुंत दुर्मीळ आहे, पण ती प्राणघातक असते आणि तिची सुरुवात साध्या तापासारखी भासते. ज्या ठिकाणी प्रक्रिया झाली तेथेच जावे, ॲब्लेशन झाल्याचे पहिल्या वाक्यात सांगावे आणि छातीचा सीटी स्कॅन होण्यापूर्वी कोणी तोंडातून दुर्बीण घालू पाहत असेल, तर ॲब्लेशनची आठवण पुन्हा करून द्यावी. दुर्बिणीबरोबर फुगवलेली हवा त्या छिद्रातून हृदयात शिरू शकते.

प्रश्न : पल्स्ड फील्ड पद्धतीत मग काहीच धोका नाही, असे समजावे का?

उत्तर : असे समजू नये. २०२४ मध्ये १७,६४२ रुग्णांची एक मोठी नोंद प्रसिद्ध झाली. तिच्यात अन्ननलिकेला इजा, फुप्फुस शिरा आकसणे किंवा श्वासपटलाची नस कायमची लुळी पडणे यांपैकी एकही प्रकार आढळला नाही. माझ्या मते या पद्धतीच्या बाजूने याहून बळकट पुरावा नाही. पण त्याच नोंदीत सुमारे एक टक्का रुग्णांना मोठी गुंतागुंत झाली. हृदयाभोवती रक्त साचणे, जांघेतील शिरेतून रक्तस्राव आणि पक्षाघात या गोष्टी कॅथेटर हृदयात नेण्यामुळे होतात. ऊर्जा बदलली म्हणून त्या टळत नाहीत.

या पद्धतीचे स्वतःचे असे दोन प्रश्न आहेत. रक्तात दिलेल्या तीव्र स्पंदांनी काही तांबड्या पेशी फुटतात. स्पंदांची संख्या फार वाढली तर त्यांतून बाहेर पडलेला हिमोग्लोबिन मूत्रपिंडांवर ताण आणतो. प्रक्रियेनंतर लघवी गडद लालसर किंवा तपकिरी झाली, तर ती लगेच नर्सला दाखवावी. ज्यांच्या मूत्रपिंडांचे काम आधीच कमी आहे, त्यांनी तसे आधीच स्पष्ट सांगावे, म्हणजे सलाईन आणि स्पंदांचे प्रमाण यांचा हिशेब ठेवता येतो. दुसरा प्रश्न हृदयाच्या रक्तवाहिनीला पेटका येण्याचा. तो मुख्यतः मायट्रल झडपेजवळ स्पंद दिल्यास उद्भवतो आणि नायट्रोग्लिसरीन या औषधाने बहुधा सैल होतो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रक्रियेत नेमक्या त्याच भागात काम करावे लागण्याची शक्यता अधिक असते, म्हणून पुनरावृत्तीच्या रुग्णांनी हे विचारून ठेवावे.

प्रश्न : ॲब्लेशननंतर वर्षभर मला एकदाही त्रास झाला नाही. रक्त पातळ करणारी गोळी बंद करू का?

उत्तर : ती स्वतःहून बंद करू नका. प्रक्रियेनंतरचे पहिले दोन ते तीन महिने ही गोळी सर्वांनाच घ्यावी लागते. त्यानंतरचा निर्णय धडधड थांबली की नाही यावर न ठरता वय, रक्तदाब, मधुमेह, हृदयाची कमजोरी आणि पूर्वी झालेला पक्षाघात या गोष्टींवर ठरतो. एएफ पुष्कळदा जाणवतच नाही, आणि ॲब्लेशननंतर तर ते अधिकच मूक होते. कमी धोक्याच्या रुग्णात डॉक्टर विचारपूर्वक गोळी थांबवतात. ज्यांना पूर्वी पक्षाघात झाला आहे, त्यांनी तो विषयही काढू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मी वाचले की क्रायोबलून आणि रेडिओफ्रिक्वेन्सीनंतर जवळजवळ निम्म्या रुग्णांत एएफ परत येते. मग एवढे सगळे करायचे तरी कशाला?

उत्तर : तुम्ही वाचलेला आकडा खरा आहे, पण तो काय मोजतो हे त्याच्याबरोबर सांगितले जात नाही. चाचण्यांमध्ये ३० सेकंद टिकलेली एकच अनियमित लय आढळली, तरी ती ‘पुनरावृत्ती’ धरली जाते. ‘सर्का-डोस’ या ३४६ रुग्णांच्या चाचणीत त्वचेखालच्या यंत्राने अहोरात्र नोंद ठेवली होती. या कडक मोजमापाने वर्षाअखेर यशस्वी ठरले ते ५२ ते ५४ टक्के. पण त्याच रुग्णांत एएफमध्ये जाणारा एकूण वेळ मध्यक आकड्याने ९८ टक्क्यांहून अधिक घटला होता. महिन्यातून चार रात्री जागून काढणारा माणूस वर्षात एकदा पाच मिनिटे धडधडला, तर चाचणीच्या हिशेबात तो अपयशी ठरतो. तो स्वतः मात्र तसे म्हणणार नाही.

म्हणूनच मी रुग्णांना एक साधी वही ठेवायला सांगतो. तारीख, सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, त्या वेळी काय करता येत नव्हते, आणि शक्य असेल तर घड्याळावर किंवा छोट्या यंत्रावर काढलेला ईसीजी. एका रुग्णाच्या वहीत प्रक्रियेपूर्वीच्या पानांवर ‘जिना चढवेना’ हे शब्द वारंवार होते आणि प्रक्रियेनंतरच्या पानांवर फक्त तारखा आणि ‘७ मिनिटे’, ‘४ मिनिटे’ अशा नोंदी होत्या. तिसरे ॲब्लेशन करायचे की नाही हे आम्ही दोघांनी ती वही समोर ठेवून ठरवले, आणि ते केले नाही.

प्रश्न : पुन्हा ॲब्लेशन करण्यापूर्वी मी स्वतः काय करू शकतो?

उत्तर : या प्रश्नासाठी मी तुमचा आभारी आहे, कारण तो फार कमी जण विचारतात. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथील ‘लेगसी’ अभ्यासात वजन दहा टक्के किंवा त्याहून अधिक घटवून ते टिकवणाऱ्या स्थूल रुग्णांत अनियमित ठोक्यांपासून मुक्त राहण्याची शक्यता सहापटीने वाढली. नियमित मद्यपान करणाऱ्या १४० रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत, ज्यांना मद्य सोडायला सांगितले त्यांच्यातील ५३ टक्के जणांना सहा महिन्यांत एएफ पुन्हा झाले, तर पिणे चालू ठेवलेल्यांत ७३ टक्के जणांना. झोपेत श्वास अडकत असेल, जोडीदार मोठ्या घोरण्याची तक्रार करत असेल, तर झोपेची तपासणी करून घ्यावी, आणि रक्तदाब घरी मोजून आटोक्यात ठेवावा. ताणलेल्या, चरबी साठलेल्या अलिंदात सर्वांत आधुनिक कॅथेटरनेही कडे घातले, तरी ठिणग्या कड्याबाहेर नव्या जागी पडू लागतात.

प्रश्न : आईचे वय ८१ वर्षे आहे. तीन प्रक्रिया झाल्या, औषधे सोसत नाहीत आणि नाडी १४० च्या खाली येत नाही. ती म्हणते, “आता पुरे.” आणखी काही उपाय उरला आहे का?

उत्तर : उरला आहे, आणि तो लहान आहे. आधी पेसमेकर बसवायचा आणि काही दिवसांनी किंवा त्याच वेळी अलिंद व निलय (हृदयाचा खालचा कप्पा) यांच्यामधली विद्युत गाठ ॲब्लेशनने बंद करायची. अलिंद थरथरतच राहील, पण त्याचे थरथरणे निलयापर्यंत पोहोचणार नाही आणि नाडी पेसमेकर ठरवेल तेवढीच नियमित चालेल. रक्त पातळ करणारी गोळी चालू ठेवावी लागेल आणि आई पेसमेकरवर पूर्णपणे अवलंबून राहतील, कारण बंद केलेली गाठ पुन्हा उघडता येत नाही. हे त्यांना आधी नीट समजावून सांगावे. हल्ली पेसमेकरची तार हृदयाच्या नैसर्गिक विद्युत मार्गातच बसवता येते, त्यामुळे निलयाचे आकुंचन अधिक स्वाभाविक राहते. त्यांच्या बाबतीत ते शक्य आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. त्यांनी “आता पुरे” म्हटले आहे ते बहुधा ठोके पुन्हा नियमित करण्याच्या खटपटीला. या उपायाविषयी त्यांना अजून कोणी विचारलेले नसेल, तर डॉक्टरांच्या पुढच्या भेटीत त्यांना बरोबर न्यावे आणि प्रश्न त्यांनाच विचारू द्यावेत.